किती बिड्या, किती वर्षे?



वस्तीत कुणी गेले की पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात दोन शब्द बोलण्याचे काम बहुधा आमच्याकडे येते. कार्यालयात कारकुनी करणारा माणूस, कागद हातात धरून सरळ बोलता येते, एवढीच आमची पात्रता. कालकथिताचा जन्म, नोकरी, चळवळीतला सहभाग, मुलाबाळांचे शिक्षण हे सारे घरचे लोक नीट लिहून देतात. आजाराच्या जागी मात्र दोनच शब्द असतात, 'छातीचा आजार'. कोणता आजार, केव्हा कळला, कळण्याआधी किती महिने गेले, हे त्या कागदावर नसते, आणि त्या दिवशी विचारणे बरेही दिसत नाही. म्हणून ते या पानावर लिहावयाचे ठरविले आहे.

आमचे लिखाण नागपूर आणि आसपासच्या वाचकांना अधिक ओळखीचे वाटेल. कामठी, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात बिडी ही नुसती ओढण्याची वस्तू नव्हती, ती पोटाचा आधार होती. तेंदूपत्ता आणि जर्दा सट्टेदाराकडून यावयाचा आणि आपल्या आयाबहिणी सूप मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत बिड्या वळावयाच्या. मजुरी हजारावर, आणि त्यातली छाट काढली की हातात पडावयाचे ते आणखी कमी. 'जय भीम' या अभिवादनाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते बाबू हरदास एल. एन. याच कामठीचे. त्यांनी बिडी कामगारांना संघटित केले, १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांताच्या कायदेमंडळात निवडून गेले, आणि १२ जानेवारी १९३९ रोजी, ऐन पस्तिशीत, क्षयाने गेले. क्षयावर गुणकारी ठरलेले पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, त्यानंतर चार वर्षांनी, १९४३ साली सापडले.

छातीच्या रोगाशी आपली ओळख अशी जुनी आहे. त्या ओळखीतून एक सवयही लागली. माणूस खोकला, वाळला, संध्याकाळी अंग गरम झाले, की घरचेही टीबी म्हणतात आणि डॉक्टरही टीबी म्हणतात. जगातल्या टीबीच्या रोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश एकट्या भारतात आहेत, तेव्हा पहिला संशय टीबीचा येणे चुकीचे नाही. चूक होते ती संशयालाच निदान समजण्यात.

आमच्या सहचारिणीचे मोठे काका, घरात सगळे त्यांना मोठेबाबा म्हणत, २०१८ च्या पावसाळ्यात खोकू लागले. वय चौसष्ट, बिडी लहानपणापासूनची. एका खाजगी डॉक्टरने एक्स-रे पाहिला, वरच्या भागात डाग दिसला आणि थुंकी न तपासता टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. पाच महिने गोळ्या झाल्या. वजन उतरतच गेले, उजवा खांदा रात्रंदिवस ठणकू लागला, थुंकीत रक्त दिसले. तरी 'कोर्स पूर्ण करा' एवढेच उत्तर. शेवटी मोठ्या रुग्णालयात नेले, सीटी स्कॅन झाले, नळी घालून तुकडा काढला, तेव्हा फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. तो हाडांत आणि यकृतात पोहोचला होता. त्यानंतर ते जेमतेम सात आठवडे राहिले. मार्च २०१९ मध्ये गेले.

त्या डॉक्टरचे नाव इथे लिहून काही साधत नाही. वाचकाच्या कामाचे ते एवढे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, ती मागून घ्यावी. टीबीची औषधे सुरू झाली तर आपल्या मनाने बंद करू नयेत, कारण थुंकीत जंतू न सापडताही टीबी असू शकतो. पण महिना-दोन महिने गोळ्या खाऊन फरक पडला नाही, आणि रोगी बिडी-सिगारेट ओढणारा असेल, तर 'हे टीबीच आहे कशावरून?' असे विचारावे. तथागतांनी कालामांना जे सांगितले ते दवाखान्याच्या दारातही लागू पडते. सांगणारा मोठा आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नये.

ही झाली लक्षणे दिसू लागल्यानंतरची गोष्ट. खोकल्यात रक्त, आवाज बसणे, कारण नसता वजन उतरणे, हे ज्याला आहे त्याने पुढचे वाचत न बसता डॉक्टरकडे जावे. यापुढे लिहितो ते ज्याला काहीच होत नाही, जो जेवतो-खातो, फिरतो, पण ज्याने आयुष्यभर बिडी-सिगारेट ओढली आहे, त्याच्यासाठी.

फुफ्फुसाला दुखण्याची जाणीव फारशी नसते. गाठ आत वाढत राहते आणि माणसाला पत्ता नसतो. पत्ता लागतो तेव्हा ती बहुधा पसरलेली असते. आपल्या देशात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे बहुसंख्य रोगी तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतच रुग्णालयात पोहोचतात. गाठ लहान आणि एका जागी असताना सापडली तर शस्त्रक्रियेने काढता येते. मग काही होत नसतानाच तिला शोधावे कसे?

पूर्वी एक्स-रेने शोधून पाहिले. अमेरिकेत सुमारे दीड लाख लोकांवर एक मोठी चाचणी झाली आणि २०११ साली तिचा निष्कर्ष आला. दरवर्षी छातीचा एक्स-रे काढल्याने फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. लहान गाठ एक्स-रेत हृदयामागे, फासळ्यांमागे लपते. त्याच वर्षी दुसऱ्या एका चाचणीचा निकाल आला. तिच्यात ५३ हजारांहून अधिक माणसे होती, वय ५५ ते ७४, सगळी भरपूर सिगारेट ओढणारी किंवा ओढून सोडलेली. अर्ध्यांचा एक्स-रे, अर्ध्यांचे कमी किरणांचे सीटी स्कॅन, वर्षातून एकदा, तीन वर्षे. सीटीच्या बाजूला फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी निघाले. २०२० साली नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या चाचणीनेही तेच दाखविले. तिथे पुरुषांत दहा वर्षांत २४ टक्के मृत्यू कमी झाले.

यावरून अमेरिकेत नियम ठरला. आज तो असा आहे: वय ५० ते ८०, ओढणे किमान २० 'पाकीट-वर्षे', आणि अजून ओढत असेल किंवा सोडून १५ वर्षे झाली नसतील, तर दरवर्षी कमी किरणांचे सीटी करावे. पाकीट-वर्ष म्हणजे रोज २० सिगारेटचे एक पाकीट, असे एक वर्ष. रोज दहा ओढणाऱ्याला एका पाकीट-वर्षासाठी दोन वर्षे लागतात. आम्ही कॉलेजात असताना दिवसाला चार सिगारेट ओढत होतो, पाच वर्षे. म्हणजे सगळे मिळून भरते एक पाकीट-वर्ष. वयही पन्नाशीच्या आतले. या हिशेबात आम्ही बसत नाही आणि आम्ही ही तपासणी करून घेतलेलीही नाही. शेजारच्याने केली म्हणून आपणही करावी, अशी ती तपासणी नव्हे.

आता सिगारेटच्या पाकिटावर बसविलेला हा नियम बिडीच्या कट्ट्याला कसा लावावयाचा? बिडी पानाची, तंबाखू थोडी, म्हणून ती सौम्य, असे आपले ज्येष्ठ ठामपणे सांगतात. तंबाखू थोडी हे खरे. पण तेंदूचे पान नीट जळत नाही, बिडी विझू नये म्हणून झुरके पटापट आणि खोल घ्यावे लागतात, आणि त्यामुळे छातीत उतरणारा डांबरासारखा चिकटा आणि विषारी वायू सिगारेटपेक्षा कमी नाहीत, उलट अधिकच भरतात. आपल्याकडचे छातीरोगतज्ज्ञ म्हणून साधा गुणाकार करतात. दिवसाच्या बिड्या किंवा सिगारेटी गुणिले वर्षे. उत्तर ३०० च्या वर गेले की तो माणूस भारी ओढणारा. वीस पाकीट-वर्षे म्हणजे या गुणाकारात ४००.

आमचे सासरे, म्हणजे मामाजी, एस.टी.त चालक होते. २०१८ साली निवृत्त झाले. मोठेबाबांची राख नदीत सोडून आले त्या दिवशी त्यांनी बिडी सोडली. वयाच्या विसाव्या वर्षी धरलेली, एकोणसाठाव्या वर्षी सोडली. सुटली ही आनंदाची गोष्ट, पण एकोणचाळीस वर्षांचा धूर एका दिवसात छातीतून जात नाही. सोडल्यानंतर दहा वर्षांनी धोका, ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येतो असे तज्ज्ञ सांगतात. निम्मा, शून्य नव्हे. २०२३ च्या दिवाळीनंतर आम्ही दोघांनी विषय काढला.

"मले काई झालं नाही, तं काऊन जाऊ? बिघाड नसताना गाडी कोणी गॅरेजले टाकते का?"

सहचारिणी म्हणाली, "बाबा, डेपोत गाडी बंद पडल्यावरच पाहत होते का?"

मामाजी यावर काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी मामीजींनी कळविले की येतो म्हणतात.

छातीरोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, रोज किती? मामाजी म्हणाले, पाच-सहा. मामीजी शेजारीच बसल्या होत्या. "खोटं कायले सांगता जी? कट्टा लागत होता. लांबची ड्युटी असली तं दीड." डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी आकडा खोडून दुसरा लिहिला. वीस गुणिले एकोणचाळीस, सातशे ऐंशी. पाच-सहावर थांबलो असतो तर उत्तर दोनशेच्या आसपास आले असते आणि डॉक्टरांनी कदाचित घरी पाठविले असते.

हा आकडा खोटा का सांगितला जातो? आमच्या मते लाजेने. पंचशीलातले पाचवे शील मद्य आणि मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे. बिडी त्यात येते की नाही यावर विहाराच्या पायरीवर बसून, बिडी ओढत, तासभर वाद घालणारे उपासक आम्ही पाहिले आहेत. वाद त्यांनी खुशाल घालावा. पण ओढणाऱ्याला चारचौघांत टोमणे मारले की तो ओढणे सोडत नाही, फक्त आकडा लपवायला शिकतो, आणि मग डॉक्टरपुढेही तोच लपविलेला आकडा सांगतो. मामीजींसारखे कुणी सोबत असावे.

तपासणी स्वतः फार सोपी निघाली. उपाशी राहावे लागत नाही, सुई नाही, औषध नाही. टेबलावर पडून हात डोक्यामागे घ्यावयाचे, श्वास रोखावयाचा, काही सेकंदांत संपते. किरणांचे प्रमाण साध्या छातीच्या सीटीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतके. मात्र चिठ्ठीवर 'लो डोस' हे शब्द स्पष्ट लिहून घ्यावेत, नाहीतर सीटी म्हटल्यावर केंद्रवाले नेहमीचे करून मोकळे होतात. आम्हाला साडेतीन हजार रुपये लागले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा खर्च मिळतो, पण काही होत नसलेल्या माणसाची ही तपासणी खिशातूनच करावी लागली. सरकारची कॅन्सर शोधण्याची मोहीम तीस वर्षांवरील सर्वांसाठी आहे, पण ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरपुरती. फुफ्फुसासाठी देशपातळीवर अशी मोहीम नाही.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. दोन्ही फुफ्फुसांत वरच्या बाजूला जुने व्रण, आणि उजव्या बाजूला सात मिलिमीटरची एक गाठ.

या ठिकाणी वाचकांनी थोडे थांबावे, कारण तपासणीची जाहिरात करणारे हा भाग सांगत नाहीत. त्या अमेरिकन चाचणीत सीटीच्या दर चार तपासण्यांपैकी जवळजवळ एकीत काहीतरी संशयास्पद दिसले. आणि त्या संशयास्पद निकालांपैकी ९६ टक्के कॅन्सर निघालेच नाहीत. जुना व्रण, जंतुसंसर्गाची खूण, लहानशी गाठ जी आयुष्यभर तशीच राहते. ज्या देशात घरटी कुणाला तरी टीबी होऊन गेला आहे तिथे अशा खुणा किती असतील याचा विचार करावा. मामाजींनी स्वतः तरुणपणी टीबीच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. हिशेबाची दुसरी बाजूही त्याच चाचणीतली. सुमारे ३२० माणसांची तपासणी केली तेव्हा एक मृत्यू टळला. तीनशे एकोणीस जणांना त्यातून मिळाली ती चिंता, फेऱ्या आणि खर्च, काहींना नको ती सुई. हा सौदा महाग की स्वस्त, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या घरात मोठेबाबा गेले होते, म्हणून आम्हाला तो महाग वाटला नाही.

डॉक्टर म्हणाले, आत्ता सुई घालण्याची गरज नाही. सहा महिन्यांनी पुन्हा सीटी करू. कॅन्सरची गाठ असेल तर वाढलेली दिसेल, आणि तेवढ्याने उशीर होणार नाही. तशीच असेल तर थांबू.

सहा महिने! डॉक्टरांनी ते सहज सांगितले. घरी ते सहज नव्हते. नातेवाइकांना कळले आणि सल्ले सुरू झाले. कुणी म्हणाले गाठीला हात लावला की पसरते, म्हणून पुन्हा जाऊच नका. कुणी म्हणाले मुंबईला टाटाला घेऊन जा, आजच. एका साडूंनी कुठल्याशा काढ्याचा पत्ता आणून दिला, बाटली बाराशेची. मामाजी सगळ्यांचे ऐकून घेत आणि संध्याकाळी एकटेच ओट्यावर बसत. आम्ही गेलो की डेपोतल्या जुन्या गोष्टी काढीत, गाठीचे नाव नाही. चौथ्या महिन्यात मामीजींना त्यांच्या सदऱ्याला बिडीचा वास आला. त्या दोन दिवस गप्प राहिल्या, तिसऱ्या दिवशी मुलीला फोन केला.

मुलगी रागावून गेली होती, पण बापाला पाहून तिला बोलवले नाही. भीतीने माणूस जुन्या सोबत्याकडे जातो, आणि मामाजींचा एकोणचाळीस वर्षांचा सोबती बिडी. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारचा एक मोफत दूरध्वनी आहे, १८००-११२-३५६. आम्ही आमच्या फोनवरून तो लावला आणि त्यांच्या हातात दिला. पलीकडच्या मुलाने काय सांगितले आम्हाला ठाऊक नाही. मामाजी बराच वेळ "हो, हो" म्हणत होते आणि मध्येच म्हणाले, "नाही बाप्पा, सकाळी चहासंगं लय आठवते." त्या मुलाने नंतर स्वतःहून दोन-तीनदा फोन केला. बिडी पुन्हा सुटली.

२०२४ च्या उन्हाळ्यात दुसरे सीटी झाले. सात मिलिमीटर, तशीच. २०२५ च्या उन्हाळ्यात तिसरे, तशीच. डॉक्टरांच्या मते बहुधा जुन्या टीबीचीच खूण. आम्ही पेढे घेऊन गेलो तर मामाजी आमच्यावरच उखडले. "सहा महिने मले फुकट भेव देलं तुम्ही. झोप नोती मले." त्यांचे म्हणणे खोटे नाही. तपासणीला न्यायच्या आधी आम्ही त्यांना कॅन्सरबद्दल सांगितले होते, गाठ निघून सहा महिने वाट पाहावी लागू शकते याबद्दल डॉक्टर बोलले ते टेबलावरून उठल्यानंतर. ज्या कुणी आपल्या वडिलांना नेणार असतील त्यांनी डॉक्टरांकडून हे आधी बोलून घ्यावे, माणसाच्या समोर, म्हणजे तो होकार देईल तो समजून देईल.

आणखी एक प्रश्न आधीच विचारून ठेवावा. गाठ निघालीच तर हा माणूस शस्त्रक्रिया सोसू शकेल काय? ज्याला दोन जिने चढता येत नाहीत, ज्याचे हृदय थकले आहे, त्याला शोधून दिलेल्या गाठीचा उपयोग काय? तिथे डॉक्टर स्वतःच नको म्हणतात आणि ते योग्य आहे. दुसरे असे की दरवर्षी सीटी करून घेतो म्हणजे ओढायला परवानगी मिळाली, असा अर्थ काढणारेही भेटले. सीटी कॅन्सर शोधते, टाळीत नाही. हृदयविकार, पक्षाघात, दमा हे तर तिच्या कक्षेतच येत नाहीत, आणि बिडी ओढणारे त्यांनीही मरतात.

मागे आमच्या मंडळात १४ एप्रिलच्या निमित्ताने छातीच्या एक्स-रेचे शिबिर घेण्याचा प्रस्ताव आला. देणगीदार तयार होता, गाडी येणार होती, फलकावर 'कॅन्सर तपासणी' लिहिणार होते. आम्ही विरोध केला आणि काही कार्यकर्ते आमच्यावर नाराज झाले. टीबीसाठी एक्स-रे उपयोगी आहे, तेवढे लिहा आणि खुशाल घ्या, असे आमचे म्हणणे होते. कॅन्सरच्या नावाने एक्स-रे काढला आणि 'नॉर्मल' असा कागद हातात दिला, तर तो माणूस पुढची दोन वर्षे खोकला आला तरी तोच कागद दाखवील. शेवटी फलकावर 'क्षयरोग तपासणी' लिहिले गेले. सर्वांसाठी सीटीचे शिबिर घ्यावे असेही एकाने सुचविले. तेही नको. हे काम जत्रेचे नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आठवड्यातून एक दिवस पन्नाशीपुढच्या भारी ओढणाऱ्यांसाठी ठेवावा, तिथे गुणाकार करून, समजावून, ज्याला लागू आहे त्याचेच कमी किरणांचे सीटी फुकट व्हावे, अशी मागणी मात्र आपल्या संघटनांनी लावून धरण्यासारखी आहे. साडेतीन हजार रुपयांत धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या घरचा महिन्याचा किराणा येतो. तिच्या नवऱ्याच्या फुफ्फुसासाठी ती ते काढणार कोठून?

त्या शिबिराच्या तयारीत आणखी एक गोष्ट ध्यानात आली. बिडी सोडली असे अभिमानाने सांगणाऱ्या कितीतरी जणांच्या गालात खर्रा होता! २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळले. धूम्रपान करणारे त्यात अवघे ३.८ टक्के, तोंडात ठेवणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्याची तंबाखू छातीपेक्षा तोंडात अधिक जाते. आणि तोंडाची तपासणी तर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट आहे, सीटी लागत नाही, डॉक्टर बॅटरी लावून पाहतात. तोंड पूर्ण उघडत नसेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर उद्या जावे. वय तीस असले तरी जावे. खर्रा घोटणारी आपली पोरे तर वीसची आहेत.

राहता राहिल्या मामीजी. त्यांनी कधी बिडी ओढली नाही. लग्नाआधी आईसोबत आणि लग्नानंतर सासूसोबत वळल्या मात्र लाखोंनी, एकाच खोलीत, जर्द्याची धूळ नाकातोंडात घेत. त्याच खोलीत चूल, आणि ड्युटीवरून आले की मामाजींचा धूर. डॉक्टरांच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे 'धूम्रपान: नाही' एवढेच येते आणि गुणाकार शून्यावर थांबतो. आपल्या देशात फुफ्फुसाचा कॅन्सर झालेल्या स्त्रियांत कधीही न ओढलेल्याच अधिक असतात. तैवानने २०२२ साली सुरू केलेल्या सरकारी मोहिमेत न ओढणाऱ्यांपैकी ज्यांच्या रक्ताच्या नात्यात हा रोग झाला आहे त्यांना घेतले आहे. बिडी वळणारीसाठी अजून कुणाचाही नियम नाही. आम्ही डॉक्टरांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की तिच्यासाठी सीटीचा फायदा सिद्ध झालेला नाही, पण खोकला आला तर तिला 'ओढत नाही' म्हणून मागे ठेवू नका, त्याच दिवशी आणा.

यंदा थंडीत मामीजींना खोकला लागला. पंधरा दिवस झाले तसे आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. थुंकी दिली, एक्स-रे झाला. नोंदवहीत व्यवसायाच्या रकान्यात तिथल्या बाईने 'गृहिणी' लिहिले होते. मामीजींनी ते खोडायला लावून 'बिडी कामगार' असे लिहून घेतले. थुंकीत जंतू निघाले नाहीत, एक्स-रेही स्वच्छ आला आणि तीन आठवड्यांत खोकला गेला. मामाजींचे चौथे सीटी उन्हाळ्यात आहे.